२९ च्या चांदासाठी घेतलेली १०×५० दुर्बीण : चांगली आहे, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका

इस्लामी महिन्याच्या २९ व्या संध्याकाळी नवी कोर, म्हणजे चांद, दिसला की दुसऱ्या दिवसापासून नवा महिना, नाहीतर ३० दिवस पूर्ण करायचे, त्यासाठीची ही दुर्बीण. पूर्ण वाचायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आधीच निकाल सांगतो. साधी पोर्रो प्रिझमवाली (म्हणजे मधे वाकलेल्या नळ्यांची, जुन्या घाटाची) १०×५० दुर्बीण चांद बघायला घेण्यासारखी आहे, पण जो चांद अख्ख्या गावात कुणाला दिसत नाही तो आपल्याला दिसेल या आशेवर घेत असाल तर पैसे खिशातच ठेवा. तिचं काम दोनच गोष्टींचं, एक म्हणजे चांद नेमका कुठे आहे ती जागा शोधून देणं आणि दुसरं म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी दाखवणं. यासाठी सहा हजारांच्या आसपास मोजायचे का ते ज्याचं त्याने ठरवावं, मला विचाराल तर हो, पण काही अटींवर.

घ्यायचं डोक्यात आलं ते २०२४ च्या ईदला. ९ एप्रिलला आमचा २९ वा रोजा होता आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. अमावस्या आदल्या रात्री बाराला थोडा वेळ असताना संपलेली, म्हणजे ९ तारखेला सूर्य मावळताना चांदाचं वय फक्त १९ तासांच्या आसपास. रत्नागिरीत आम्ही किनाऱ्यावर खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन उभे, अर्धा मोहल्ला आलेला, आणि समोर एप्रिलमधलं ते नेहमीचं धुरकट पांढरं आभाळ. काही नाही दिसलं. रात्री बातमी आली की केरळात चांद झाला, त्यांची ईद १० ला, आणि आम्ही ३० रोजे पूर्ण करून ११ ला. आता समुद्र तोच अरबी समुद्र, उलट केरळात सूर्य आपल्या आधी मावळतो म्हणजे तिकडे चांद आपल्यापेक्षा काही मिनिटं लहानच होता. मग तिथे दिसला आणि इथे नाही, यात आभाळाचा वाटा किती आणि आपल्याला नक्की कुठे बघायचं तेच माहीत नव्हतं याचा किती? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना आणि दुर्बीण मागवली.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एकतर याच साच्यातल्या दुर्बिणी ऑनलाइन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, दुसरं म्हणजे मला आलेला पहिला पीस बिघडलेला होता. डोळ्याला लावली की लांबच्या टॉवरचा एकच दिवा दोन दिसायचे, एकाच्या जरा वरती दुसरा. दोन्ही नळ्या एका रेषेत नसल्या की असं होतं. कस्टमर केअरवाला म्हणतो, सर डोळ्यांचा नंबर तपासून घेतलात का. म्हटलं भाऊ, घरातल्या सगळ्यांचा तपासला, अगदी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या चाचांचा पण, सगळ्यांना दोनच दिसतायत. बरीच ईमेल-ईमेल खेळून झाल्यावर बदलून दिली. दुसरा पीस व्यवस्थित निघाला, आता जे लिहितोय ते त्याच्याबद्दल.

आकड्यांचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १० म्हणजे दहा पट जवळ, ५० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास ५० मिलिमीटर. अंगावर ११४ मी/१००० मी असं लिहिलंय, म्हणजे एका वेळी साधारण साडेसहा अंश आभाळ दिसतं. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, तर तेरा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. ऐकायला भरपूर वाटतं पण नुसत्या संध्याकाळच्या आभाळात, जिथे ना तारा ना ढग ना खांब, तिथे साडेसहा अंश म्हणजे काहीच नाही. हरवायला होतं.

वापरायला लागलो तेव्हा पहिला धडा फोकसचा. ही गोष्ट बॉक्सवर कुठेही लिहिलेली नाही आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. रिकाम्या आभाळाकडे बघून फोकस करता येत नाही, आणि फोकस जरा जरी हललेला असेल तर केसाएवढी बारीक कोर पसरून आभाळात मिसळून जाते, समोर असून दिसत नाही. म्हणून आधी लांबच्या एखाद्या गोष्टीवर, क्षितिजावरचं जहाज म्हणा, दीपगृह म्हणा, शुक्र असेल तर शुक्रावर, नीट फोकस करून घ्यायचा आणि मग त्या चाकाला हात लावायचा नाही. मी चाकावर पांढऱ्या टेपची खूण करून ठेवलीय. पण लहान मुलांच्या हातात दिली की पहिलं काम ते चाक फिरवणं, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. उजव्या डोळ्याच्या कडीचा नंबर पण प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे एकच दुर्बीण वीस जणांत फिरवायची तर निम्म्यांना धूसर दिसणार हे धरून चाला.

दुसरी गोष्ट हाताची थरथर. वजन पाऊण किलोच्या वर आहे, दोन मिनिटं धरली की दंड भरून येतात आणि दहा पटीत थरथर पण दहा पट. कठड्यावर कोपर टेकवा, गाडीच्या टपावर ठेवा, काहीही करा पण टेकू पाहिजे. पुढच्या बाजूला मधोमध एक छोटं झाकण असतं, ते फिरवून काढलं की ट्रायपॉडचा अडॅप्टर लावायची आट्यांची जागा मिळते. अडॅप्टर बॉक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि माझं मत असं की तो घ्याच. एकदा ट्रायपॉडवर चांद पकडून ठेवला की मग मागे रांग लावता येते, नाहीतर प्रत्येक जण शून्यापासून शोधत बसतो आणि तेवढ्यात चांद मावळतो.

७×५० घ्यावी का असं बऱ्याच जणांनी विचारलं. तिच्यात हाताची थरथर कमी जाणवते, आभाळ जरा जास्त दिसतं, शोधायला सोपी. पण अगदी बारीक कोर दहा पटीत जास्त उठून दिसते असा माझा अनुभव, मित्राची ७×५० शेजारी ठेवून बघितलंय. हातात धरूनच बघणार असाल तर सात, ट्रायपॉड लावणार असाल तर दहा. आणि ती २० ते १८० पट झूम लिहिलेली, लाल चकाकत्या काचांची दुर्बीण मिळते ना जत्रेत आणि ऑनलाइन पण, ती फुकट दिली तरी घेऊ नका. काच १०० मिलिमीटर लिहिलेली असते, पट्टी लावून मोजा एकदा, करमणूक होईल. लाल कोटिंगने लाल उजेड परत फिरतो, म्हणजे संध्याकाळच्या तांबड्या आभाळात आपल्याला लागतो नेमका तोच उजेड कापला जातो.

आता खरी परीक्षा. ३० जानेवारी २०२५ ला, शाबानच्या (रमजानच्या आधीचा महिना) चांदाला, अमावस्या आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास संपलेली, म्हणजे चांद एक दिवसाचा. जानेवारीचं आभाळ स्वच्छ. सूर्य पूर्ण बुडाला, त्यानंतर पाच-सात मिनिटांतच दुर्बिणीत कोर सापडली, उजेड इतका होता की नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नव्हतं. जागा कळली म्हणून तिथेच टक लावून उभे राहिलो आणि पंधरा एक मिनिटांनी चाचांनाच आधी दिसला, दुर्बिणीशिवाय. त्या दिवशी कळलं की वस्तू कशासाठी आहे.

आणि दिसतो कसा ते सांगतो, कारण पैसे वसूल होतात ते इथे. कोर सलग नसते, टोकांकडे तुटक तुटक असते, चंद्रावरच्या डोंगरांच्या सावल्यांमुळे. चांद जेवढा लहान तेवढी कोर आखूड, अर्ध्या गोलाएवढी पण नसते. अंधार पडत गेला की कोरीच्या आत बाकीचा काळा चंद्र राखाडी रंगात दिसायला लागतो, तो पृथ्वीवरून परत गेलेला उजेड. आमची पोरं ते बघून ओरडली होती, आख्खा आहे आख्खा आहे.

उलट उदाहरण पण देतो. २०२५ च्या रमजानचा चांद आपल्याकडे १ मार्चला दिसला, आदल्या दिवशी चांद बारा-साडेबारा तासांचाच होता. १ तारखेला तो एवढा ठसठशीत होता, वर शुक्र चमकत होता, की दुर्बीण गाडीतून बाहेर काढायच्या आधी पोरांनी बोट दाखवलं. ईदचा चांद ३० मार्चला, तोपण सव्वीस तासांचा, सूर्य मावळल्यावर जवळपास तासभर आभाळात. त्या दिवशी परत पाडवा होता, शेजारच्या काकूंनी गुढी उतरवली आणि गच्चीवरूनच हाक मारली, अरे तो बघ तुमचा चांद, खाली काय शोधताय. सहा हजारांची दुर्बीण गळ्यात लटकतेय आणि मी मान वर करून बघतोय. तर असं आहे, सोप्या चांदाला तिची गरज नाही आणि अशक्य चांदाला तिचा उपयोग नाही, मधल्या चांदांसाठी आहे ती.

अशक्य म्हणजे काय तेही सांगून टाकतो कारण यावरून दरवर्षी भांडणं होतात. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश लांब जातो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजों यांनी गेल्या शतकात १९३० च्या दशकात दाखवलं की दोघांत साधारण सात अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर कोर बनतच नाही म्हणा ना, म्हणजे दिसण्याएवढी उजळत नाही. त्यामुळे सहा-सात तासांचा चांद बघायला कितीही महागडी दुर्बीण आणा, काही होत नाही. २९ मार्च २०२५ ला अमावस्या आपल्या घड्याळात दुपारी साडेचारला संपली आणि त्याच रात्री सौदीतून ईद जाहीर झाली, आमच्याकडच्या निम्म्या घरांतली माणसं गल्फमध्ये, रात्रभर व्हिडिओ कॉल, तुमचा झाला आमचा नाही. त्यांच्याकडे सूर्य मावळताना चांद साडेचार-पाच तासांचा. तो वाद इथे नको, मी फक्त एवढंच म्हणतोय की तो चांद बघायचा म्हणून कुणी दुर्बीण विकत घेऊ नये. बोहरी दोस्ताला यातलं काहीच टेन्शन नाही, त्यांचं मिसरी कॅलेंडर चांद न बघता हिशोबाने वर्षभर आधीच ठरलेलं, तो आमची धावपळ बघून हसतो.

दुर्बिणीतून बघितलेला चांद चालतो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. मी आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, नाही, आमच्या मौलानांना विचारलं तर ते म्हणाले की चांद खरोखर तिथे आहे आणि तुम्ही तोच बघताय तर बघणंच झालं. सौदीच्या सुप्रीम कोर्टाच्या जाहीर आवाहनात तर साध्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीने असं स्पष्ट म्हणतात. तरी आमच्या मोहल्ल्यात दोन-तीन बुजुर्ग असे आहेत की काच मध्ये आली की शहादत (साक्ष) नाही म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आम्ही दुर्बिणीने जागा शोधतो आणि मग सगळे नुसत्या डोळ्यांनी बघतात, प्रश्नच मिटतो. रमजानला आमच्या शाफई मसलकात (पंथात) एका भरवशाच्या माणसाची साक्ष पुरते, ईदला मात्र दोघं लागतात, आणि दुसरा साक्षीदार तयार करायला दुर्बीण फार उपयोगी आहे हे अनुभवाने सांगतो. पहिल्याने बघितला, दुसऱ्याला तोंडी सांगतोय तो ढगाच्या डावीकडे, अरे त्या नाही त्या ढगाच्या, तोवर ढगच गेला. हिलाल कमिटीला, म्हणजे साक्षी तपासून चांद जाहीर करणाऱ्या मंडळाला, फोन करायचा तर दोघांनी एकच वेळ, एकच दिशा, टोकं कुठल्या बाजूला होती हे सांगता आलं पाहिजे, ते यामुळे जमतं.

दुर्बिणीबरोबर एक ॲप पण लागतंच, स्टेलॅरियम, आभाळाचा नकाशा दाखवणारं. कॉम्प्युटरवर फुकट आहे, मोबाइलवर पण फुकटचं व्हर्जन पुरतं. गावचं ठिकाण टाका, त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ लावा, चांद क्षितिजापासून किती अंश वर आणि सूर्याच्या डावीकडे की उजवीकडे ते बघून ठेवा. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, करंगळी म्हणजे एक अंश, त्याने मोजायचं. फोनच्या कंपासवर विसंबू नका, कव्हरला चुंबक असेल तर तो कुठेही दाखवतो. सूर्य जिथे बुडाला ती जागा एखाद्या बेटावर, खडकावर, माडाच्या शेंड्यावर डोळ्यांनी पकडून ठेवा आणि तिथून मोजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये चांद जवळपास सूर्याच्या डोक्यावरच असतो, होडीसारखा आडवा, शोधायला सोपा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो डावीकडे सरकून खाली लोळलेला असतो, तेव्हा तेवढ्याच वयाचा चांद सहसा लवकर मावळतो.

कधी बघायचं याचा एक सोपा हिशोब आहे, ब्रिटनच्या यालोप यांनी १९९७ मध्ये मांडलेला. सूर्य मावळल्यापासून चांद मावळेपर्यंत जेवढा वेळ, त्याचे नऊ भाग करा, चार भाग झाले की ती सगळ्यात चांगली वेळ. म्हणजे चांद ४५ मिनिटं राहणार असेल तर सूर्यास्तानंतर विसाव्या मिनिटाला. नेमकी तीच मगरिबची (सूर्यास्तानंतरची नमाज) आणि इफ्तारची वेळ, त्यामुळे आम्ही खजूर तोंडात टाकून जमाअत (एकत्र नमाज) तिथेच कठड्याजवळ करतो, आणि नमाज संपेपर्यंत दुर्बिणीजवळ कुणी नसतं.

आता एक सीरियस गोष्ट. सूर्याचा शेवटचा तुकडा बुडेपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावायचीच नाही. सूर्य लालसर आहे, मऊ आहे, काही होत नाही, असं बोलणारा एक जण प्रत्येक ठिकाणी असतो. दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. माझी दुर्बीण सूर्य बुडेपर्यंत पिशवीत बंद असते आणि पिशवी माझ्या खांद्यावर.

कमतरता भरपूर आहेत. काचेची झाकणं इतकी सैल की पुढची दोन पहिल्याच महिन्यात वाऱ्याने समुद्राकडे गेली. पट्टा मानेला कापतो. चष्मा असेल तर रबरी कडा दुमडाव्या लागतात आणि तरी आभाळ जरा कमीच दिसतं. बॅग म्हणजे नुसतं रेक्झिनचं पातळ कापड. आणि कोकणातल्या दमट हवेत काचेला आतून बुरशी धरते ती वेगळीच, एकदा धरली की साफ करायला पाठवण्याचा खर्च नव्या दुर्बिणीएवढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, कपाटात उघडी ठेवू नका. खारा वारा लागलेली काच रुमालाने सरळ पुसू नका, मिठाचे कण घासून ओरखडे पडतात, आधी ब्लोअरने हवा मारा.

पावसाळ्यात ती डब्यातच पडून असते. २०२५ चा मोहर्रम जूनच्या शेवटी आला, बाहेर मुसळधार, चांद तर सोडा सूर्य पण दिसला नव्हता. तिथे ढगांसाठी हदीसमध्ये सांगितलेलंच करायचं, ३० पूर्ण करायचे, किंवा मुंबईच्या जुम्मा मशिदीच्या हिलाल कमिटीकडून काय येतं ते बघायचं.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार झाकणांचा आणि एक त्या पहिल्या पीसच्या मनस्तापाचा कापलाय. एका घरासाठी महाग वाटत असेल तर मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एक घ्या आणि ट्रायपॉड मशिदीत ठेवा, आमच्याकडे शेवटी तेच झालंय. आणि घ्यायची तर रजबमध्येच (शाबानच्या आधीच्या महिन्यात) मागवा, रमजान तोंडावर आल्यावर नको. आली की त्याच रात्री लांबच्या एखाद्या दिव्यावर लावून बघा, एकाचे दोन दिसले तर परत करायची मुदत हातात असते, आणि शाबानच्या चांदावर हात पण बसतो.